झडती ऐकून घेणारे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



'रात्रीच्या वेळी टीव्हीवर होणारी राजकारण्यांची थट्टा आणि तिच्याबद्दल प्रेक्षकांची मतं' असा विषय मला दिला तेव्हा मी विचारात पडलो. मी लेखक नाही, नट नाही, पत्रकारही नाही. अमरावतीत राजापेठेत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मग लक्षात आलं, की मतंच पाहिजे असतील तर माझ्याइतकी ती फार थोड्यांनी ऐकली असतील. न्हाव्यापुढे आणि टीव्ही मेकॅनिकपुढे माणूस मोकळा होतो. सेटचं मागचं झाकण उघडलं की गिऱ्हाईक स्टूल ओढून बसतं आणि सोल्डरिंगचा धूर निघेपर्यंत काल रात्री काय पाहिलं ते सांगू लागतं. पस्तीस-छत्तीस वर्षं मी हे ऐकतो आहे. तेव्हा आज मी माझं कमी आणि त्यांचं जास्त सांगणार आहे.

आधी थोडी उजळणी. १९८९ साली दूरदर्शनवर जसपाल भट्टी यांचा 'उल्टा पुल्टा' हा काही मिनिटांचा कार्यक्रम लागायचा आणि त्याच वर्षी त्यांचा 'फ्लॉप शो' आला. भट्टी शिक्षणानं इलेक्ट्रिकल इंजिनिअर, म्हणून आम्हा कारागिरांना त्यांच्याबद्दल जरा जास्तच जिव्हाळा. त्यांची थट्टा मंत्र्यांपेक्षा खालच्या माणसांची असायची. खाबू अधिकारी, ठेकेदार, टेलिफोन खातं. १९९७ मध्ये सोनीवर शेखर सुमन यांचा 'मूव्हर्स अँड शेकर्स' सुरू झाला आणि रात्री जेवणं आटोपल्यावर पंतप्रधानांचीसुद्धा नक्कल बघता येते हे आपल्याला कळलं. जुलै २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली. तिच्यावरच्या 'घडलंय बिघडलंय'मध्ये गावाकडची माणसं चालू राजकारणाची फिरकी घ्यायची, तीही आपल्या भाषेत. मग हिंदी बातम्यांच्या वाहिन्यांवर नेत्यांच्या बाहुल्या बोलू लागल्या. २००१ साली तर 'येस मिनिस्टर' या ब्रिटिश मालिकेचा हिंदी अवतारही आला, 'जी मंत्रीजी', फारूख शेख यांचा.

त्या काळात आपल्याकडे भारनियमन होतं. तरुण श्रोत्यांना हे सांगावं लागेल. शहरात काही तास आणि खेड्यात त्याहून कितीतरी जास्त वेळ लाइट जायची. ऐन कार्यक्रमाच्या वेळी लाइट गेली, की दुसऱ्या दिवशी दुकानात चौकशी सुरू व्हायची, "काल काय म्हणे हो तो?" ज्याच्या भागात लाइट होती तो नक्कल करून दाखवायचा. मुंबईत तयार झालेला विनोद असा राजापेठेत आणखी एकदा तयार व्हायचा. सांगणारा त्यात आपलं मीठ-मिरची घालायचा. मुंबईच्या मंत्र्याच्या जागी कधी आमचा नगरसेवक यायचा, तर कधी बाजार समितीचा संचालक.

आता मतांकडे येतो. इतकी वर्षं ऐकलेली मतं एका टोपलीत टाकली, तर त्यांचे तीन ढीग होतात.

पहिला ढीग, 'हसून काय होते?' हे म्हणणारे बहुतेक कास्तकार. अमरावतीला बियाणं, औषध घ्यायला आले की बिघडलेला सेट पिशवीत घालून आणायचे. एक जण म्हणाला होता, "भाऊ, तिकडं मंत्री हासते, इकडं आपन हासतो, अन् कापसाचा भाव तितलाच रायते." याला उत्तर देणं कठीण आहे. राजकीय विनोद म्हणजे प्रेशर कुकरची शिटी, वाफ निघून जाते आणि आत जे शिजायचं ते शिजतच राहतं, असा आक्षेप शिकलेली माणसंही घेतात. हा कास्तकार तेच आपल्या भाषेत सांगत होता.

पण त्याच माणसानं मला आणखी एक गोष्ट शिकवली. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा. दुधाळ जनावरं वाटण्याचीही योजना होती. ज्याच्या घरी माणसाला पुरत नाही, त्याच्या दारात गाय बांधली तर तिला खाऊ काय घालायचं, असा प्रश्न तेव्हा गावोगाव होता. साहजिकच टीव्हीपासून पानठेल्यापर्यंत या पॅकेजवर विनोद होऊ लागले. हा गृहस्थ दुकानात बसून ते ऐकत होता. शेवटी म्हणाला, "प्याकेजवर हासा ना, खूप हासा. प्याकेज घेनाऱ्यावर नोका हासू." दुकानात कोणी काही बोललं नाही. विनोद कुठे थांबावा, हे मला त्या दिवशी जितकं स्वच्छ कळलं तितकं कुठल्या लेखातून कळलं नसतं.

दुसरा ढीग, 'सगळ्यांची सारखी उडवली पाहिजे'. हे मत नोकरदारांचं आणि पेन्शनरांचं. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे. त्यांनी वहीत रकाने आखले होते. आज कोणत्या पक्षावर किती विनोद झाले याची ते रोज नोंद करायचे. महिन्याच्या शेवटी बेरीज करून दुकानात वाचून दाखवायचे आणि चिडायचे, कारण त्यांच्या पक्षाचा रकाना नेहमी भरगच्च असायचा. १९९९ ते २०१४ अशी सलग पंधरा वर्षं राज्यात आघाडीची सत्ता होती आणि मास्तर आघाडीचे होते. एकदा माझ्याकडे काम शिकणारा पोरगा त्यांना म्हणाला, "मास्तर, फायलीवर सही कोनाची रायते? ज्याची सही, त्याच्यावर इनोद." मास्तरांनी वही मिटली, पण मत बदललं नाही. पुढे २०१४ साली राज्य बदललं, मास्तर खुशीत आले आणि पलीकडच्या गल्लीतले दुसऱ्या पक्षाचे एक वकील तीच तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ लागले. वही मात्र कोणी घातली नाही.

मला वाटतं, त्या पोराचं म्हणणं बरोबर होतं. तराजूनं मोजून केलेली थट्टा ही थट्टा राहत नाही. ज्याच्या हातात खुर्ची, त्याच्या वाट्याला विनोद जास्त, हा जुना हिशेब आहे. खुर्ची बदलली की विनोदाचं तोंड आपोआप तिकडे वळलं पाहिजे. ते वळलं नाही, तर मात्र प्रेक्षकानं शंका घ्यावी.

तिसरा ढीग सगळ्यात मोठा. 'बाकी कोणावरही हसा, आमच्या साहेबांवर नको.' असं कोणी उघड म्हणत नाही. म्हणतात असं, की "कार्यक्रम पहिल्यासारखा राह्यला नाही बापा." मी विचारायचो, कधीपासून? थोडं खोदलं, की कळायचं, ज्या रात्री त्यांच्या नेत्याची नक्कल झाली त्या रात्रीपासून. कालपर्यंत ज्या नटाला डोक्यावर घेतलं, तो एका रात्रीत विकला गेलेला असायचा.

आता हे तीनही ढीग बाजूला ठेवून मी तुम्हाला जरा पोळ्याला घेऊन जातो, कारण या प्रश्नाचं उत्तर आपल्या वऱ्हाडात टीव्ही यायच्या कितीतरी आधीपासून आहे. श्रावण अमावास्येला संध्याकाळी गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सजवलेल्या बैलजोड्या रांगेनं उभ्या राहतात. मानाची जोडी पुढे. मग सुरू होतात झडत्या. एक जण पुढे होऊन खड्या आवाजात यमक जुळवलेल्या चार ओळी म्हणतो, शेवटी महादेवाचा गजर होतो आणि दुसरा पुढे सरसावतो. या झडत्यांमध्ये देवादिकांची नावं येतात, बैलाचं कौतुक येतं आणि त्याच दमात सावकार येतो, सरपंच येतो, सोसायटीचा चेअरमन येतो, आमदार-खासदार येतात, कापसाचा भाव येतो. ज्याच्यावर झडती, तो बहुतेक वेळा तिथेच दहा पावलांवर उभा असतो.

माझ्या आजोळी मी हे पाहिलं आहे. गावात कापूस मोजणाऱ्या एका बड्या आसामीवर एका सालदाराच्या पोरानं झडती म्हटली. काट्यावर कापूस हलका का होतो आणि घरी बंगला जड का होतो, अशा अर्थाची. गजर झाला. सगळं गाव त्या आसामीकडे बघत होतं. तो हसला. ते हसू काही मनापासूनचं नव्हतं, पण हसला. तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल घरोघरी निघाले. त्या पोराच्या धन्याची जोडी त्या आसामीच्या दारात गेली तेव्हा बायांनी बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी खाऊ घातली आणि पोराच्या हातावर बोजाऱ्याचे पैसेही ठेवले. काटा सुधारला का? नाही सुधारला. पण पोराच्या अंगाला कोणी हात लावला नाही. गावासमोर ऐकून घ्यावं लागतं, तिथे रागावणारा लहान ठरतो, हे त्या आसामीला ठाऊक होतं.

झडतीची खरी गंमत मला तिथे दिसते. म्हणणाऱ्याला धैर्य लागतंच, पण ऐकणाऱ्याला जास्त लागतं. आणि ज्याची झडती निघते त्याची माणसंही त्याच गर्दीत असतात. तीही ऐकतात. कानावर हात ठेवून घरी पळता येत नाही, कारण बैल रांगेत असतात.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत-बडग्यांची मिरवणूक निघते. १८८० च्या दशकापासूनची ही परंपरा. बडगे म्हणजे चालू घडामोडींवरचे पुतळे, त्यांच्या गळ्यात पाट्या. भाववाढ, भ्रष्टाचार, पुढारी, कोणी सुटत नाही. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा? दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन. बाबा प्रश्न विचारायचे, लोक उत्तर द्यायचे आणि त्या उत्तरातच लोकांचं पितळ उघडं पडायचं. कर्ज काढून सण करणारा, नवसाला बकरं कापणारा, दारू पिणारा, हे सगळे कीर्तनात समोरच बसलेले असत. बाबा त्यांच्यावरच हसवत आणि तेच हसत. टीव्हीवरचा विनोदवीर प्रेक्षकावर सहसा हसत नाही. पुढाऱ्याला झोडपतो आणि त्याला पाच वेळा निवडून देणाऱ्याला सोडतो. शेवटी प्रेक्षक म्हणजे त्याचं गिऱ्हाईक.

ही ऐकून घेण्याची सवय सुटली की काय होतं, याचं एक उदाहरण दूरच्या देशातलं देतो, कारण त्यात चाहत्यांचंच वागणं दिसतं. इजिप्तमध्ये बासेम युसेफ नावाचे हृदयशस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. २०११ च्या उठावानंतर त्यांनी इंटरनेटवर राजकीय थट्टेच्या छोट्या फिती टाकायला सुरुवात केली, मग त्यांचा कार्यक्रम टीव्हीवर आला आणि अफाट गाजला. राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांची ते यथेच्छ खिल्ली उडवत. मार्च २०१३ मध्ये त्यांना चौकशीला बोलावलं गेलं तेव्हा मोर्सींचे विरोधक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जुलैत लष्करानं मोर्सींना हटवलं. ऑक्टोबरमध्ये युसेफ परत पडद्यावर आले आणि त्यांनी नव्या सत्तेभोवती जी भक्ती माजली होती तिची थट्टा केली. काल टाळ्या वाजवणाऱ्यांतलेच कितीतरी आज त्यांना देशाचा शत्रू म्हणू लागले. नाट्यगृहाबाहेर निदर्शनं झाली. वाहिनीनं कार्यक्रम थांबवला. दुसऱ्या वाहिनीवर तो थोडे महिने चालला आणि जून २०१४ मध्ये त्यांनी तो बंद केला. त्यांच्यावर सत्तेचा दाब होताच. पण पाठीशी उभी असलेली गर्दी पांगली नसती, तर तो दाब इतका सहज लागू पडला असता का, हे मी माझ्या तिसऱ्या ढिगातल्या गिऱ्हाइकांना नेहमी विचारतो.

याच्या उलटही घडतं. अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये जिमी किमेल यांचा रात्रीचा कार्यक्रम एका वक्तव्यावरून थांबवला गेला. प्रेक्षकांनी त्या कंपनीची वर्गणी रद्द करायला सुरुवात केली, कलावंतांनी निषेध केला आणि आठवडाभरात किमेल परत आले. त्याआधी जुलैमध्ये स्टीफन कोल्बेअर यांचा कार्यक्रम मे २०२६ पर्यंतच चालेल असं वाहिनीनं जाहीर केलं होतं. कारण पैशाचं आहे, असं वाहिनी म्हणाली. चाहत्यांपैकी अनेकांना ते पटलं नाही. तिथेही वाद हाच, की विनोद कोणाला झेपत नाही.

आणि आपण? आपल्या देशात १९४८ साली व्यंगचित्रकार शंकर यांच्या 'शंकर्स वीकली'चं उद्घाटन पंतप्रधान नेहरूंनी केलं. 'शंकर, मलाही सोडू नका,' हे त्यांचं वाक्य प्रसिद्ध आहे आणि शंकर यांनी त्यांना सोडलं नाही. ते साप्ताहिक १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात बंद झालं. आपल्या महाराष्ट्रात तर १९६० साली सुरू झालेल्या 'मार्मिक' या व्यंगचित्र साप्ताहिकाच्या पोटातून १९६६ मध्ये एक अख्खा राजकीय पक्ष जन्माला आला. पुढाऱ्याची रेषांनी खिल्ली उडवणं म्हणजे काय, हे या राज्याला कोणी शिकवायची गरज नाही. आणि याच राज्यात मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांनी तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांवर विडंबनगीत म्हटलं म्हणून मुंबईत खारला, ज्या जागी ते गायलं गेलं तिथे शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी तोडफोड केली. गाणं म्हणणाऱ्यावर गुन्हा नोंदला गेला, तोडफोड करणाऱ्यांनाही अटक झाली आणि त्या जागेच्या चालकांनी कार्यक्रम थांबवत असल्याचं जाहीर केलं. विनोद आवडला नाही, हे म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे. तोरणाखाली उलट झडती म्हणता येते. खुर्च्या मोडणं ही काही झडती नव्हे.

दुकानात या प्रकरणावर दोन दिवस वाद झाला. मला त्यात एक गोष्ट खटकली. वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते गाणं ऐकलंच नव्हतं. त्यांच्या फोनवर ते आलंच नव्हतं. त्यांच्याकडे आलं होतं ते दुसऱ्या बाजूच्या नेत्यांवरचं.

इथे माझा मूळ मुद्दा आहे. पूर्वी रात्रीचा कार्यक्रम एकच होता आणि घरात सेटही एकच होता. वडील एका पक्षाचे, मुलगा दुसऱ्या पक्षाचा, सासूबाई तिसऱ्याच नेत्याच्या भक्त. सगळे एकाच सतरंजीवर बसलेले. आज तुमच्या साहेबांची पाळी, उद्या माझ्या. आपल्यावरचं ऐकल्याशिवाय दुसऱ्याचं ऐकायला मिळत नव्हतं. नकळत ती पोळ्याची रांगच होती. आता घरातले चौघे चार खोल्यांत चार फोन घेऊन बसतात. फोनला तुमची आवड कळते. तुम्ही ज्याच्यावर हसता, त्याच्यावरचेच विनोद तो तुम्हाला वाढत राहतो. प्रत्येकाला पोटभर हसायला मिळतं आणि स्वतःवर हसायची वेळ कधी येत नाही. मग एखाद्या दिवशी चुकून आपल्या माणसावरचा विनोद कानावर पडला, की तो विनोद वाटतच नाही, हल्ला वाटतो. कानाला सवयच राहिलेली नसते.

माझ्या धंद्यात याला साधी उपमा आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या सेटमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग लागायचे. त्यातला एक गेला, तरी चित्र दिसायचं, आवाज यायचा, घरचे महिनोन्‌महिने तसंच बघायचे. दुसऱ्याच्या घरी जाऊन आले, की मग म्हणायचे, "आपल्या टीव्हीत माणसं हिरवी दिसून राह्यली."

तर श्रोतेहो, चाहत्यांची मतं विचारलीत म्हणून एका जुन्या प्रेक्षकाचं मतही सांगून टाकतो. रात्रीचा राजकीय विनोद जगला पाहिजे असं वाटत असेल, तर विनोद करणाऱ्यांची चिंता थोडी कमी करा. ते पुन्हा पुन्हा येतील. आपल्या मातीत त्यांची कमी नाही. चिंता करा ती ऐकणाऱ्यांची. आठवड्यातून एक रात्र फोन बाजूला ठेवा, घरच्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येकानं आपल्याच नेत्यावरचा एक विनोद सगळ्यांसमोर लावून दाखवा, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असतो. बहुतेक जण हसून सोडून देतात. एका घरात मात्र करून पाहिलं म्हणे. पहिल्या रात्री वडील उठून गेले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतः एक शोधून आणला.

पोळ्याला गावी गेलात, तर तोरणाखाली जरा वेळ उभे राहा. कोणाची झडती निघते ते ऐका. आपल्या माणसाची निघाली, तर गजर होईपर्यंत जागा सोडू नका.